केदारकंठाला पहिल्यांदा निघताना अंगावर काय, सॅकेत काय

दिवाळीचा फराळ संपत आला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हिमालयातला केदारकंठा ट्रेक ठरलाय, बर्फ आजवर फक्त फ्रीजमध्ये पाहिलाय, तर जॅकेट कुठलं घेऊ? मी उलट विचारते, "चढताना तुला घाम किती येतो?" पलीकडे क्षणभर कुणी बोलत नाही.

मी चेष्टा करत नसते. माझा पहिला हिवाळी मुक्काम हरिश्चंद्रगडावर झाला. दुपारी खिरेश्वरातून निघालो. स्वेटर सॅकेत मावत नव्हता म्हणून अंगातच ठेवला. आत सुती टी-शर्ट, खाली जीन्स. गडावर पोचेपर्यंत सूर्य मावळला होता आणि टी-शर्ट पिळून काढावा इतका भिजला होता. कोकणकड्यावरचा वारा लागला आणि दहा मिनिटांत दात वाजायला लागले. बदलायला आणलेला कपडाही सुतीच, अंथरायला घरातली पातळ चटई. गडावर जेवण देणाऱ्या मावशींनी स्वतःची घोंगडी दिली म्हणून रात्र निभावली. ती घोंगडी दमट होती, टोचत होती, तरी ऊब देत होती. त्या रात्री दोन गोष्टी कळल्या. माणूस काकडतो तो आधी अंगावरच्या ओलीने आणि मग पाठीखालच्या जमिनीने. जाड जॅकेटचा नंबर त्यानंतर लागतो.

आधी नकाशा बघा

केदारकंठा उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात, गोविंद अभयारण्याच्या हद्दीत आहे. उंची साधारण १२,५०० फूट, म्हणजे ३,८०० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. पायथ्याचं सांक्री गाव १,९५० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे डेहराडूनहून पुरोला, मोरी करत आठ-दहा तासांनी गाडीतून उतरता तेव्हाच तुम्ही कळसूबाईच्या डोक्यावर असता.

हजार मीटर वर गेलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी घसरतं. सांक्रीत पारा शून्यावर असेल तर माथ्यावर तो उणे बाराच्या आसपास असणार. त्यात माथ्याची चढाई बहुतेक वेळा पहाटेच्या अंधारात सुरू होते, आणि वारा असतोच. उणे ५ अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा वाहत असेल तर उघड्या कातडीला ते उणे १३ इतकं झोंबतं. मुंबईत पारा १८ वर आला की कानटोप्या बाहेर काढणारे आपण. त्यामुळे सामान अंदाजपंचे घेऊन चालत नाही.

एक दिलासाही आहे. दिवसा ऊन पडलं आणि वारा नसला तर बर्फातून चढताना अक्षरशः घाम फुटतो. दोन्ही टोकं एकाच दिवसात गाठायची असतात, आणि घोळ सगळा तिथेच होतो.

तीन महिने आधी: बूट

सगळ्यात आधी बूट घ्या, बाकीचं पुढच्या महिन्यात झालं तरी चालेल. कारण बूट पायाला सरावायला वेळ लागतो आणि त्याला दुसरा उपाय नाही. सह्याद्रीत हंटर शूज किंवा साध्या ट्रेकिंग शूजवर आपण वर्षानुवर्षं काढतो, पकडही छान असते. पण कापडी बूट बर्फात तासाभरात भिजतात आणि मग पाय दिवसभर बर्फाच्या पाण्यात. घोटा झाकणारा, पाणी आत न येऊ देणारा, तळाला खोल खाचा असलेला बूट हवा.

दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकला घालणार तेच जाड मोजे सोबत न्या. नाडी बांधून उतारावर उभे राहा; दुकानात फळी नसेल तर जिन्याच्या पायऱ्या उतरा. अंगठा पुढे टेकला तर बूट लहान. नेहमीच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा लागतो. घट्ट बुटात रक्त नीट फिरत नाही आणि दोन मोजे घालूनही बोटं गारठतात. "बसतोय की" म्हणून घेतलेल्या बुटाने उतरताना नखं काळी पडलेली मी पुष्कळ पाहिली आहेत.

मग रोज घाला. ऑफिसला, भाजीला, सिंहगडावर. निदान ५०-६० किलोमीटर चालणं त्या बुटात व्हायला हवं.

माळ्यावर चार-पाच वर्षं पडलेले मोठ्या भावाचे महागडे बूट न्यायचा विचार असेल तर एक गोष्ट तपासा. अनेक बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा थर असतो. दमट हवेत तो न वापरताही आतून कुजत जातो. वरून बूट नवाकोरा दिसतो आणि वाटेत तळवा जिभेसारखा लोंबायला लागतो. कोकणात आणि मुंबईत हे जास्त होतं. तळवा दोन्ही हातांनी वाकवून बघा. भेगा दिसल्या, भुसा पडला, तर बूट तिथेच सोडा.

दोन महिने आधी: थरांचं गणित

एक जाड कपडा घेण्याऐवजी तीन-चार पातळ थर घ्यायचे, कारण चालताना काढता येतात आणि थांबल्यावर चढवता येतात. ऊब कपड्यात नसते, कपड्यांमध्ये अडकलेल्या हवेत असते. तीच जागा पाण्याने घेतली की संपलं, पाणी अंगातली उष्णता हवेच्या पंचवीसपट वेगाने ओढून नेतं.

अंगाला चिकटणारा थर सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचा घ्या. त्याचं काम ऊब देणं कमी आणि घाम कातडीवरून बाहेर ढकलणं जास्त. सुती कपडा इथे बंद. बनियन, अंतर्वस्त्रंसुद्धा सुती नकोत, हे सांगायचं राहून जातं आणि नेमकं तिथेच ओल साठते. बाजारात मिळणारे सगळे थर्मल सिंथेटिक नसतात. अनेक पांढरे-राखाडी घरगुती थर्मल सुती मिश्रणाचे असतात. आतली पट्टी वाचा. दोन जोड पुरतात, त्यातला एक फक्त झोपायचा. तो कितीही मोह झाला तरी दिवसा घालायचा नाही.

त्यावर फ्लीस, म्हणजे लोकरीसारख्या मऊ सिंथेटिक कापडाचं जॅकेट. हलकं असतं, ओलं झालं तरी लवकर वाळतं. घरचा विणलेला लोकरी स्वेटर असेल तर तोही चालेल, फक्त वजन जास्त आणि वाळायला वेळ लागतो.

त्यानंतरचं फुगीर जॅकेट, पिसांचं किंवा सिंथेटिक भरणाचं. याबद्दल एकच नियम पाठ करा: हे थांबल्यावर घालायचं असतं. चहाला थांबलात, तंबूत पोचलात, माथ्यावर फोटो काढताय, तेव्हा. ते घालून चढलात तर घामाने आतली पिसं भिजून गोळा होतात, आणि भिजलेलं पीस ऊब धरत नाही. पिसांचं जॅकेट हलकं आणि लहान घडीत मावणारं असतं, पण पहिल्या ट्रेकसाठी मी सिंथेटिकच सुचवते. स्वस्त पडतं आणि ओल लागली तर अगदीच दगा देत नाही.

सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारा कोट. आपल्या पावसाळी ट्रेकचा चांगला रेनकोट असेल, काखेत चेन उघडून हवा घेता येत असेल, तर तोच वापरा. तो फुगीर जॅकेटवरून चढायला हवा, म्हणून माप घरी आरशासमोर सगळे थर घालून बघा. हातसुद्धा वर उचलून बघा. बाह्या मनगटावर चढल्या तर बर्फ आत जाणार.

खाली थर्मल पायजमा आणि त्यावर पटकन वाळणारी ट्रेक पँट. माथ्याच्या दिवशी वरून पाणी अडवणारी पातळ पँट. जीन्स घरी.

आणि घामाच्या प्रश्नाचं उत्तर: निघताना थोडं काकडायलाच हवं. तंबूतून बाहेर पडताना छान ऊबदार वाटत असेल तर तुम्ही एक थर जास्त घातलाय. पंधरा मिनिटांत सगळा गट थांबवून जॅकेट काढायची वेळ येते, किंवा लाजेपोटी तुम्ही थांबत नाही आणि भिजता.

टोकांची काळजी

थंडी वाढली की शरीर रक्त पोटाकडे वळवतं आणि हातापायांची बोटं वाऱ्यावर सोडतं. हातमोजे दोन जोड हवेत: आत घालायचे पातळ, ज्यात फोन चालवता येतो, नाडी बांधता येते, आणि वर पाणी अडवणारे जाड. पातळ मोज्याचा आणखी एक जोड जादा ठेवा, कारण एक भिजतोच आणि एक हरवतोच. मोज्यांना मनगटात अडकवायची दोरी नसेल तर घरी शिवून घ्या. उतारावर सुटलेला हातमोजा परत मिळत नाही.

पायमोजे लोकरी, तीन जोड. दोन चालायचे, एक झोपायचा. दोन-दोन मोजे एकावर एक चढवायचा सल्ला सर्रास मिळतो. बूट त्याने घट्ट होणार असेल तर ऐकू नका.

कानटोपी, आणि गळ्यात ओढून तोंडावर घेता येईल अशी नळीसारखी पट्टी. मफलर चालतो, पण त्याची टोकं काठीत अडकतात.

गॉगल हा शोभेचा प्रकार नाही. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो आणि उंचीमुळे ती आधीच जास्त असतात. गॉगलशिवाय दिवसभर बर्फावर चाललात तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही. पूर्ण अतिनील संरक्षण लिहिलेला, बाजूनेही झाकणारा घ्या. चश्मा असलेल्यांनी चश्म्यावर बसणारा शोधावा. लेन्स वापरत असाल तर तिचं द्रावण रात्री गोठतं, बाटली झोपताना जवळ ठेवा. सनस्क्रीन नाकपुडीखाली आणि हनुवटीखाली लावायला विसरू नका, तिथे ऊन खालून लागतं.

बुटांवर चढवायचे काटे आणि गेटर, म्हणजे पिंढरीवर बांधायचे गमबुटासारखे पट्टे, हे विकत घेऊ नका. पहिल्या ट्रेकला भाड्याने मिळतात, अनेक आयोजक स्वतःच देतात. काठीचंही तेच. पण काटे तुमच्याच बुटावर बसतात का, हे सांक्रीत उजेडात तपासून घ्या, पहाटे तीनला नाही.

झोप

गटाबरोबर जात असाल तर तंबू आणि स्लीपिंग बॅग आयोजक देतात. पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी विचारा. स्लीपिंग बॅग किती तापमानाची? तो आकडा आरामाचा की तग धरण्याचा? खाली मॅट कोणती आणि किती? आतलं अस्तर मिळेल का? "सगळं असतं हो, काळजी करू नका" हे उत्तर नाही.

यातला दुसरा प्रश्न महत्त्वाचा. बॅगेवर उणे १० लिहिलेलं असतं, पण त्याच पट्टीवर आरामाचा आकडा वेगळा आणि बराच वर असू शकतो. तुम्ही बघायचा तो आरामाचा. ज्यांना मुळात थंडी जास्त वाजते त्यांनी आणखी पाच अंश हाताशी ठेवावेत.

मॅटकडे कुणी लक्ष देत नाही. पाठीखाली बॅगेचं भरण तुमच्याच वजनाने चेपलेलं असतं, त्यात हवा उरत नाही, म्हणून जमिनीपासून वाचवायचं काम सगळं मॅटचं. मॅटची रोधकता आर-व्हॅल्यू नावाच्या आकड्यात मोजतात. साध्या फोमच्या कॅरीमॅटची दीड-दोनच्या आसपास असते, बर्फावर चार किंवा जास्त हवी. सोय अशी की हे आकडे बेरजेने वाढतात: दोन मॅट एकावर एक टाकल्या की काम होतं. आपली सह्याद्रीतली कॅरीमॅट सॅकेला बाहेरून बांधून न्या. वजन नगण्य, आणि वाटेत बर्फावर बसायलाही उपयोगी.

झोपताना गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून पायाशी ठेवा. झाकण दोनदा तपासा. दमट मोजे पोटाशी घेऊन झोपलात तर सकाळपर्यंत वाळतात. फोन, पॉवर बँक, हेडटॉर्चच्या बॅटऱ्या सगळं बॅगेच्या आत, थंडीत बॅटरी पाहता पाहता उतरते. तोंड मात्र बॅगेबाहेर ठेवा. श्वासाची वाफ आत साठली तर बॅग आतून ओली होते. तंबूची जाळी त्याच कारणासाठी थोडी उघडी. आणि कितीही थंडी असो, तंबूत शेगडी किंवा निखारे घेऊन झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, जागही येत नाही.

रात्री लघवीला उठायचा कंटाळा येतो म्हणून बायका पाणी कमी पितात. मीही करायचे. पण पाणी कमी पडलं की थंडीही जास्त वाजते आणि उंचीवर डोकंही जास्त दुखतं. उठा, जाऊन या. पाळीची तारीख जवळ असो-नसो, पॅड सोबत असू द्या, आणि वापरलेले परत आणायला चेनची पिशवी.

सॅक भरणं

५० ते ६० लिटरची, कमरेला जाड पट्टा असलेली सॅक. वजन तुमच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ठेवा. ६० किलोचा माणूस असेल तर १२ किलो. कमरेचा पट्टा आधी आवळायचा, मग खांद्याचा. भार नितंबाच्या हाडांवर यायला हवा.

तळाशी झोपायचे कपडे, मधे पाठीला लागून जड वस्तू, वर फुगीर जॅकेट आणि रेनकोट, कारण थांबल्याबरोबर तेच लागणार. सॅकेचं वरचं आवरण वाऱ्यात उडतं, म्हणून आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी अस्तरासारखी घाला आणि सगळं त्यात भरा. इतका स्वस्त आणि इतका खात्रीचा उपाय दुसरा नाही.

पाण्याच्या नळीची पिशवी इथे निकामी, नळी गोठते. एक थर्मास आणि एक रुंद तोंडाची बाटली न्या. बाटली सॅकेत उलटी ठेवा: बर्फ वरून धरायला लागतो, उलटी असली की झाकणाशी धरत नाही.

खाऊ खिशात. घरून दिलेला डिंकाचा लाडू उणे तापमानात दगड होतो, तिळाच्या वडीने तर दात हलेल. खजूर, मनुका, शेंगदाणे, चुरलेला गूळ असं न चावता तोंडात घोळवता येईल ते आतल्या खिशात ठेवा.

औषधांत नेहमीची तुमची, सुजेवरची, जुलाबाची, फोडांची चिकटपट्टी. उंचीवरच्या त्रासासाठी घेतात त्या डायमॉक्स गोळीबद्दल निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा.

महिनाभर आधी: रंगीत तालीम

डिसेंबरच्या सुरुवातीला एक रात्र उघड्यावर काढा, हेच सगळं सामान घेऊन. पाचनईतून हरिश्चंद्रगड, किंवा कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव. मुक्कामाला परवानगी आहे का ते आधी विचारा. तिथे उणे तापमान मिळणार नाही. पण अंधारात, बोटं गारठलेली असताना हेडटॉर्च सापडतो का, हातमोजे घालून सॅकेची कडी उघडते का, चढताना कितव्या मिनिटाला फ्लीस काढावं लागतं, हे कळेल. परत आल्यावर सामानाचे तीन ढीग करा: रोज वापरलं, एकदा वापरलं, हातही लावला नाही. तिसऱ्या ढिगातून प्रथमोपचार आणि रेनकोट उचला, बाकी घरी. माझ्या पहिल्या तिसऱ्या ढिगात आरसा, दोन पुस्तकं आणि अर्धा किलो चिवडा होता.

प्रवास

विमानाने जात असाल तर काठ्या आणि बुटाचे काटे चेक-इन सामानात, पॉवर बँक मात्र केबिनमध्येच. २०,००० एमएएचची सर्वसाधारण पॉवर बँक ७४ वॉट-अवर भरते, मर्यादा १०० ची आहे. गॅसची डबी विमानात कुठेच चालत नाही. स्वतःची शेगडी नेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा: साध्या ब्यूटेनचं शून्याच्या किंचित खाली वायूत रूपांतर होणंच थांबतं, म्हणून प्रोपेन किंवा आयसोब्यूटेन मिसळलेली हिवाळी डबी डेहराडूनमध्ये शोधा.

बूट पायातच घालून प्रवास करा. सामान हरवलं तर जॅकेट सांक्रीत भाड्याने मिळेल, सरावलेले बूट मिळणार नाहीत.

चालताना जोडीदारावर लक्ष

कुणाची बोबडी वळायला लागली, हातातून वस्तू पडायला लागल्या, सरळ वाटेवर तोल जायला लागला, तर "दमला असेल" म्हणून सोडू नका. गारठा शरीराच्या गाभ्यापर्यंत पोचत असल्याची ती खूण आहे. आडोसा, ओले कपडे काढून कोरडे, फुगीर जॅकेट, गरम गोड पाणी, आणि लगेच गाईडला हाक. दारू अजिबात नको. ऊब आल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात कातडीतून उष्णता बाहेर जाते. थरथरणारा माणूस अचानक थरथरायचा थांबला आणि गप्प झाला तर ते सुधारणं नव्हे, वाईट लक्षण आहे.

परत आल्यावर

सगळं सामान त्याच दिवशी बाहेर काढा, कितीही झोप येत असली तरी. बुटातले आतले तळवे वेगळे करून सावलीत वाळवा. उन्हात किंवा हीटरसमोर ठेवलेत तर डिंक सुटतो. स्वतःची स्लीपिंग बॅग घेतली असेल तर ती छोट्या पिशवीत कोंबून माळ्यावर टाकू नका, भरण कायमचं चेपतं. जुन्या उशीच्या मोठ्या अभ्र्यात सैल भरून कपाटात ठेवा. भाड्याच्या जॅकेटचे खिसे मात्र परत करण्याआधी तपासा. माझी घराची किल्ली एकदा सांक्रीतच राहिली होती.